वही घाला, ताट रिकामं करू नका

महर्षी कर्व्यांनी ज्या हिंगण्यात बायकांसाठी शिक्षणाचं दार उघडलं, त्याच आजच्या कर्वेनगरात मी राहते. शिकले, नोकरी केली; पण पाळीच्या कळांवर ‘बायकांना दुखायचंच’ हे उत्तर मीही मुकाट्याने ऐकलं. पुढे कळलं, तो एन्डोमेट्रिओसिस होता. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, सुजते, दुखते. जगात साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो.

मग सल्ले सुरू झाले. गहू सोड, दूध सोड! मी सगळंच सोडलं. वजन आणि हिमोग्लोबिन उतरलं, दुखणं तसंच. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी वही घालायला सांगितली: काय खाल्लं, कधी दुखलं, पोट कधी फुगलं. दोन महिन्यांत दिसलं, राजमा आणि कांदा-लसणाच्या रश्श्यानंतर पोट तट्ट व्हायचं. त्यांच्या देखरेखीखाली तेवढंच कमी केलं, काही दिवस पोळीऐवजी ज्वारीची भाकरी खाल्ली. आराम पडला.

2025 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात अशा आहाराने 60 टक्के रुग्णांच्या पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. तुलनेच्या आहाराने 26 टक्के. पण मूळ आजार आहाराने बरा होत नाही. माझी औषधं चालूच आहेत.

तेव्हा वही घाला आणि डॉक्टरांना दाखवा. घरातली लेक पोट धरून बसली, तर ‘होतंच असं’ एवढं मात्र म्हणू नका.