मुलांचा रक्तदाब



रक्तदाब म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वडीलधारीं माणसें येतात. जुळे सोलापुरांतील एखाद्या घरीं आजोबांसाठीं घेतलेलें यंत्र टेबलावर असतें. पांच वर्षांचा नातू हट्टानें त्याचा पट्टा दंडाला बांधून घेतो, आणि वरचा आंकडा ११८ येतो. ‘वा! माझ्यापेक्षां तुझाच चांगला,’ असें आजोबा कौतुकानें म्हणतात. आजोबांच्या वयाला तो आंकडा समाधानाचा खरा. परंतु पांचव्या वर्षीं वरचा दाब १०३-१०४ वर गेला, तरी डॉक्टरांनीं तो पुन्हां नीट तपासावा असा संकेत आहे. शिवाय मोठ्यांचा रुंद पट्टा लहान दंडावर बांधला असतां दाब खऱ्याहून कमी दिसतो. म्हणजे नातवाचा खरा दाब ११८ हूनही अधिक असण्याचा संभव!

मुलांच्या बाबतींत एकच आंकडा सर्वांना लावतां येत नाहीं. वय, उंची आणि मुलगा कीं मुलगी हें पाहून कोष्टकावरून निर्णय करावा लागतो. तेराव्या वर्षापासून मात्र १३०/८० ही मर्यादा धरावी, असें अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१७ सालीं सांगितलें. एकदां दाब अधिक आला म्हणजे विकार जडला असें नव्हे. पांढरा डगला पाहूनच कित्येक मुलांची छाती धडधडूं लागते! निरनिराळ्या तीन भेटींत तो चढलेला आढळावा लागतो.

पट्ट्याच्या आंतील रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारें ४० टक्के हवी. मुलाला पांच मिनिटें स्वस्थ बसवावें आणि उजवा हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. उजवाच कां? हृदयांतून निघणारी महारोहिणी कांहीं मुलांत जन्मतःच एके जागीं अरुंद असते. तेव्हां डाव्या हातांतील दाब कमी येऊन फसवूं शकतो. यंत्रानें दाखविलेला चढा दाब डॉक्टरांनीं कानाला नळी लावून पडताळावा. कोरोटकोव्ह या रशियन शल्यवैद्यानें १९०५ सालीं दाखविलेली ही रीत अद्याप टाकाऊ झालेली नाहीं.

अगदीं लहान मुलांत दाब चढण्यामागें पुष्कळदां मूत्रपिंडाचा विकार असतो. मूल खेळतें, शाळेंत जातें, कुरकुर करीत नाहीं. आणि तिकडे मूत्रपिंडाची हानि चालूच राहते. मोठ्या मुलांत बहुधा वाढतें वजन कारण होतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील संशोधकांनीं आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी केली; तिचे निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाले. वजन अधिक त्यांचा दाब अधिक, हें तर दिसलेंच. पण आजचें वजन सारखें धरलें असतां, जन्मतः जीं हलकीं होतीं त्यांचा वरचा दाब जास्त निघाला. अशक्त जन्मलेल्या बाळाला भरवून भरवून गुटगुटीत करण्याच्या आपल्या हौसेला यांत इशारा आहे, असें मला वाटतें.

मिठाविषयीं फार सांगत नाहीं. भाकरीबरोबरची शेंगांची चटणी बेतानें खावी. पुड्यांतील खाऱ्या पदार्थांना मात्र मी रोजच्या डब्यांत जागा देणार नाहीं.

तिसऱ्या वर्षापासून वर्षांतून एकदां मुलाचा दाब पहावा. जें मूल दिवस भरण्यापूर्वीं जन्मलें, किंवा ज्याला हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याच्या बाबतींत तीन वर्षें थांबूं नये. आणि डॉक्टरांकडे जातांना लहान पट्टा आहे ना, हें आधींच विचारून घ्यावें.