पऱ्हाटी, राख आणि तीन खात्यांचे एक टेबल

(दीपनगर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दीपनगरात येऊन विजेवर बोलायचे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी बॉयलरपुढे पाळ्या काढल्या आहेत. तेव्हा वीज कशी तयार होते हे मी सांगणार नाही. पत्रिकेत विषय जड शब्दांत छापला आहे: ‘शाश्वततेकडे संक्रमण आणि नवोपक्रमाचे धोरण’. मी तो एवढाच समजतो की, कोळशाच्या पुढे जायचे आहे, तर कोणी कोणाशी बोलायचे आणि त्या बोलण्याची जबाबदारी कोणाच्या माथी?

इथल्या वीज केंद्राचा पहिला संच १९६८चा, साठ-बासष्ट मेगावॅटचा. मग १९७९ आणि १९८२ मध्ये २१०चे दोन आले. २०१२ ते २०१४ या काळात ५००चे दोन, आणि आता ६६०चा सुपरक्रिटिकल. नव्या पिढीचा संच तेवढ्याच विजेला जुन्यापेक्षा कमी कोळसा खातो. हे खरे तंत्रज्ञान आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ते आले कसे? निविदा निघाली, ठेका दिला, यंत्र उभे राहिले, नारळ फुटला. आपल्याकडे नवोपक्रमाचे धोरण म्हणजे बहुतेक वेळा खरेदीचे धोरण असते. यंत्राला ते पुरते. राखेला, पाण्याला, शेतातल्या काडीला आणि जुन्या संचावरच्या माणसाला मात्र निविदा काढून जोडता येत नाही.

राखेपासून सुरुवात करू. एक युनिट वीज म्हणजे ढोबळमानाने सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा, आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख. उन्हाळ्यात तुमच्या घरी रात्रभर पंखा फिरला की सकाळपर्यंत वाटीभर राख तयार झालेली असते. धुरातली बारीक राख विजेच्या जाळीत पकडून कोरडी सायलोत जाते. तळाची जाड राख पाण्यात कालवून पाइपाने वेल्हाळ्याच्या बंधाऱ्याकडे. कोरड्या राखेला गिऱ्हाईक आहे. नशिराबादला ओरिएंटचा सिमेंट दळण्याचा कारखाना आहे. क्लिंकर बाहेरून येतो आणि राख इथली मिळते. पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, आणि जेवढी राख तेवढा क्लिंकर कमी, तेवढा चुनखडी भाजण्याचा धूर कमी. ही जोडी जमली, कारण दोघांनाही त्यात पैसा दिसला आणि मधले अंतर थोडे होते.

बंधाऱ्यातल्या राखेचे तसे नाही. ती ओली, भरड आणि कोणाचीच नव्हे. चैत्र-वैशाखात वारा सुटला की ती कुठे जाते हे वेल्हाळे-फेकरीकडच्या लोकांना विचारा. सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली: वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी राख वापरलीच पाहिजे. २००३ मध्ये ५०चे १०० झाले, २०१६ मध्ये ३००. त्रिज्या वाढवायला काय, कंपास घेतला आणि वर्तुळ काढले! अखेर ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत ‘जो घाण करील तो भरील’ हे तत्त्व आले आणि न उचललेल्या राखेवर टनाला हजार रुपये भरपाई वीज केंद्राच्या डोक्यावर बसली. त्यानंतर हालचाल दिसू लागली. दंडाला मी नावे ठेवत नाही. पण राखेची वीट अडते ती गवंड्यापाशी. लाल विटेच्या सवयीने तो ती तासन्‌तास भिजत घालतो. राखेच्या विटेला तेवढे भिजवणे लागत नाही, आणि नको तेवढे पाणी प्यालेल्या विटेवर गिलावा नीट धरला नाही की खापर विटेवर फुटते. गवंड्याला चार दिवस शिकवणे हा नवोपक्रमच आहे, पण तो कोणत्या अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली बसतो?

डेन्मार्कमध्ये कलुंडबोर्ग नावाचे बंदराचे गाव आहे. वस्ती आपल्या भुसावळपेक्षा पुष्कळ कमी. तिथले आस्नेस वीज केंद्रही कोळशाचे होते. त्याची वाफ शेजारच्या औषध कारखान्याला आणि घरे ऊबदार ठेवायला गेली, राख सिमेंटला गेली, धुरातले गंधक काढताना जिप्सम मिळाले ते भिंतींचे फलक करणाऱ्या कारखान्याला गेले. हा सगळा व्यवहार सरकारने आखलेला नव्हता. १९७२ पासून एकेक करार होत गेला, कारण लहान गावात कारखान्यांचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखत होते. पुढे त्यांनी या जोडकामासाठी स्वतंत्र कचेरी काढली आणि पगारी माणसे नेमली. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. वीज केंद्र कोळसा सोडून लाकडाच्या चिपांवर गेले, राख-जिप्समचे धागे तुटले, पण वाफेचे करार टिकले आणि गाव उठले नाही.

जिप्समवरून आठवले. २०१५च्या डिसेंबरात आपल्या केंद्रांनाही धुरातले गंधक काढण्याची यंत्रणा सक्तीची झाली होती. मुदत दोन वर्षांची. मग ती सरकली, पुन्हा सरकली, आणि २०२५च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. यंत्रणा हवी की नको यावर तज्ज्ञांत मतभेद असतील. माझी तक्रार वेगळी आहे. सरकणारी मुदत ही वेळेत पैसा घालणाऱ्याला शिक्षा असते, आणि पुढच्या मुदतीवर मग कोणी विश्वास ठेवत नाही.

आपल्याकडे जोडणी होतच नाही असे नाही. कोराडीच्या वीज केंद्राला नागपूर महापालिकेच्या भांडेवाडीचे शुद्ध केलेले सांडपाणी जाते, रोज १३ कोटी लिटर. तेवढे पिण्याजोगे पाणी वाचते. इथे हतनूरच्या पाण्यावर केंद्र, रेल्वे, गावे आणि शेती अशी सगळ्यांची भिस्त असताना हा हिशेब भुसावळनेही मांडायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कपाशीच्या वाळल्या काडीकडे. पऱ्हाटी.

जळगाव जिल्ह्यात कपाशीचा पेरा साधारण पाच लाख हेक्टरांचा. वेचणी संपली की हेक्टरी दोन-तीन टन काड्या शेतात उभ्या राहतात. थोड्या चुलीत जातात, थोड्या भरितासाठी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याशिवाय भरीत हे खानदेशात भरीतच नाही, आणि ही तरतूद कुठल्याही धोरणात राखीव ठेवावी अशी माझी सूचना आहे! उरलेल्या बांधावर पेटवल्या जातात.

या एका काडीवर तीन खात्यांचे तीन हुकूम आहेत. कृषी खाते सांगते, फरदड, म्हणजे वेचणीनंतर राखलेले खोडव्याचे पीक, घेऊ नका, पऱ्हाट्या लवकर उपटा, नाहीतर गुलाबी बोंडअळी त्यात मुक्काम करते. पर्यावरणवाले सांगतात, पेटवू नका. आणि केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये ठरवले की कोळशाच्या केंद्रांनी पाच टक्के शेतकचऱ्याच्या कांड्या, म्हणजे पेलेट, कोळशात मिसळून जाळाव्यात. पुढे ते सात टक्क्यांवर नेण्याचेही ठरले. तिन्ही हुकूम बरोबर आहेत. तिन्हींचे उत्तर एकच आहे. पण बोंडअळीची बैठक एका कचेरीत, धुराची दुसऱ्या कचेरीत आणि पेलेटची निविदा तिसऱ्या कचेरीत.

तंत्र नाही म्हणावे, तर पऱ्हाटीच्या पेलेट आणि ब्रिकेटवर कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, काम करून ठेवले आहे. अडचणी दुसऱ्याच आहेत, आणि त्या जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. पऱ्हाटी उपटायला मजूर लागतो, आणि त्याच दिवसांत मजूर मिळत नाही. मोकळ्या काड्यांनी ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन काट्यावर भरत नाही. भाडे डिझेलच खाऊन टाकते. म्हणजे चुरा शेतातच व्हायला हवा, आणि श्रेडर घेण्याइतका पैसा एकट्या शेतकऱ्याकडे नाही. माल येतो माघ-फाल्गुनात, केंद्राला लागतो बारा महिने. साठवला तर पावसाळ्यात ओल धरतो. आणि इथल्या इंजिनिअरांची भीतीही रास्त आहे: कोळसा पिठासारखा दळणाऱ्या बाउल मिलमध्ये तंतुमय काडी दळली जात नाही, ती लवकर पेट घेते, आणि मिलला आग लागली तर जबाब पाळीवरच्या माणसाला द्यावा लागतो.

या प्रत्येक अडचणीचे उत्तर वेगवेगळ्या माणसाकडे आहे. पाल आणि ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रांना शेतकरी ओळखतात. जळगावच्या विद्यापीठात रसायन तंत्रज्ञान शिकवले जाते. ओलावा, उष्मांक, राखेतले अल्कली तपासणे त्यांच्या विद्यार्थ्यांना अवघड नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या श्रेडर भाड्याने फिरवू शकतात. मिलचे तापमान किती ठेवायचे हे तुम्हाला ठाऊक. या सगळ्यांना वर्षभर एका टेबलावर बसवणारा माणूस मात्र कोणाच्याच आस्थापनेवर नाही.

खानदेशाने अशी जोडणी एकदा करून दाखवली आहे. ठिबकची नळी गावोगाव गेली ती केवळ जैन इरिगेशनने बनवली म्हणून नव्हे. १९८०च्या दशकात राज्याने अनुदान दिले, बँकेने कर्ज दिले, विक्रेत्याने बांधावर जाऊन जोडून दिली, आणि पुढे ऊतिसंवर्धित केळीची रोपे त्याच वाटेने आली. यावल-रावेरचा केळीपट्टा त्यावर फुलला. आणि त्याच यावल-रावेरमध्ये भूजल खोल गेले, हेही सांगितले पाहिजे. थेंबाथेंबाने वाचवलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली. सगळे टेबलाभोवती होते, फक्त विहिरीच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते. आता २०२५च्या मे महिन्यात तापी महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने करार केला आहे. पाणी आधी उपसले, भरणाची बोलणी मागून.

पऱ्हाटीच्या टेबलावरही असा विसरला जाणारा एक जण आहे: ठेकेदारी कामगार. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून झालेला. काम उत्तम. पण सौर पट्ट्या पुसायला आणि पाहायला माणसे लागतात थोडी. कोळसा उतरवणारा, कन्व्हेअरवर उभा राहणारा, राखेच्या पाइपांची डागडुजी करणारा फेकरी-साकेगावचा माणूस तिकडे सामावत नाही. कायम नोकरीवाल्याची बदली होते. ठेकेदारी माणसाचा पास रद्द होतो. पेलेटचा कारखाना, त्याची गोदामे, श्रेडरची दुरुस्ती, काडीची वर्गवारी यांना मात्र याच हातांची गरज आहे. तेव्हा पेलेट खरेदीच्या करारातच लिहावे की अमुक इतके कामगार बंद होणाऱ्या संचांवरच्या माणसांतून घ्यायचे. आणि करार एका वर्षाचा नको. एका वर्षाच्या कागदावर बँक यंत्राला कर्ज देत नाही. निदान सात वर्षांचा, दर शेताच्या बांधावरचा, आणि ओलाव्याची कपात किती ते आधीच जाहीर.

असे काही करायचे तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून दोन पगार आणि एक खोली एवढाच पहिला खर्च आहे. खोली शक्यतो जिल्हाधिकारी कचेरीत नसावी. तिथे गेलेला शेतकरी आधी पायरीवर थांबतो. इथे वसाहतीत रिकाम्या खोल्या पुष्कळ आहेत. पुढची वेचणी सुरू होण्याआधी तिथे एक टेबल लागले, तर फाल्गुनात पहिली ट्रॉली काट्यावर चढेल. आता तुमचे प्रश्न विचारा. मिलच्या तापमानाबद्दलचे मात्र समोरच्या रांगेला विचारा.