रानाची रात्रपाळी



माझ्या दवाखान्यात खानापूर भागातले दम्याचे रुग्ण येतात. त्यांतले काही हळूच विचारतात, "डॉक्टर, वाघळाचं मटण खाल्लं की दमा जातो म्हणतात, खरं का?" खरं नाही. त्या मांसात दम्याचं औषध नाही. पण या समजुतीपायी मोठी फळखाऊ वटवाघळं मारली जातात, आणि मादी वर्षाला एकच पिल्लू देते. म्हणून आज हा विषय घेतला.

वटवाघूळ फळाचा गर तोंडात दाबून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. वड, पिंपळ, उंबर यांच्या बिया मात्र इतक्या बारीक की त्या रसाबरोबर पोटात जातात आणि साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतात, पुष्कळदा उडता उडताच. पक्षी बहुधा फांदीवर बसून विष्ठा टाकतो, त्यामुळे बी झाडाखाली पडतं. वाघळाकडून ते उघड्या माळावर, तोडलेल्या रानातही पडतं. उंडी, जांभूळ अशी मोठ्या बीची फळं लहान जातीचं वाघूळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं, तिथे गर खातं आणि बी टाकून देतं. मूळ झाडाच्या सावलीतून सुटलेल्या रोपाला मग वाढायला जागा मिळते. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत पिंपळ उगवतात ना, त्यांतले काही याच मंडळींनी लावलेले असतात.

आम्हा जैनांना वड, पिंपळ, उंबर धरून पाच उदुंबर फळं वर्ज्य, कारण त्यांच्यात जीव असतात. आम्ही सोडलेलं फळ वाघळं खातात, तर माझी तक्रार कसली!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेलं. गावोगावी हे अजून पोचलेलं नाही.

२०१८ साली केरळात निपाह आला, तेव्हापासून भीती वाढली आहे. डॉक्टर म्हणून सांगतो, वाघळाने कुरतडलेलं फळ खाऊ नका, वाघळाला हात लावू नका. तेवढ्यासाठी वडावरची वस्ती फटाके लावून उठवण्याचं कारण नाही. उठवलेली वाघळं बिथरून दुसऱ्या गावात जातात, इतकंच. रस्ता रुंद करताना वड तोडायचाच झाला, तर त्यावर वस्ती आहे का हे आधी बघायला सांगा. पिल्लं उडू लागेपर्यंत कुऱ्हाड थांबवता येते.