भांडायला समोर माणूस हवा

आमच्या घरात दखनी बोलली जाते. तीत ‘कल’ हा एकच शब्द कालसाठी चालतो आणि उद्यासाठीही. सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणणाऱ्या माझ्या वडिलांना त्याची कधी अडचण झाली नाही. काल गेला तसाच उद्या उजाडायचा. तोच कारखाना, तोच खडखडाट, आठवड्याला पगार. गरिबी होती, पण उद्याचा चेहरा ओळखीचा होता. मी कविता मराठीत लिहितो. मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. आजच्या विशी-पंचविशीतल्या मुलांना हे दोन वेगळे शब्दच लागतात.

ही पिढी मोबाइलमध्ये हरवली, असं आपण वडीलधारे सारखं म्हणत असतो. मला ते पुरतं पटत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी इंटरनेटही स्वस्त झालं. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज कमावती झाली आहेत. मोबाइल ही त्यांची करमणूक आहेच, पण अनेकांचं हजेरीपुस्तक, मुकादम आणि पगाराचं पाकीटही तोच आहे. दिवसभर मागापाशी उभ्या राहणाऱ्या वडिलांना कुणी ‘मागात हरवले’ असं म्हणत नव्हतं.

माझा भाचा पुण्यात मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोचवतो. अशा सुट्या कामांवर जगणाऱ्यांची संख्या निती आयोगाने २०२२च्या अहवालात २०२०-२१ सालासाठी ७७ लाख धरली होती. २०२९-३०पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. भाच्याला यंत्राचा राग नाही. रस्ता तेच दाखवतं, पैसे तेच मोजतं. पण एकदा कुणा गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि त्याचा आयडी चार दिवस बंद झाला. नेमकं काय चुकलं, हे सांगायला कुणी नव्हतं. तक्रार लिहिली की तेच ठरीव उत्तर यायचं. तो मला म्हणाला, “मामू, मालक समोर असता तर भांडलो असतो, नाहीतर हात जोडले असते. इथं कुणापुढं जोडू?”

वडिलांच्या कारखान्यातला मुकादम कडक होता. पण त्याला तोंड होतं, कान होते. युनियनचा माणूस मध्ये पडला की तो नरमायचाही.

भाची बी.कॉम. झाली. तिची काळजी वेगळी आहे. बिलं तपासणं, पत्राचा मसुदा करणं, तक्ते भरणं ही नवशिक्याची कामं. ती करता करताच माणूस तयार होतो. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि अशी बरीच कामं यंत्राच्या आवाक्यात आली. नोकरीचा अर्ज लिहिताना ती स्वतःही त्याची मदत घेते. आणि म्हणते, “मामू, जिन्याची पहिलीच पायरी काढून घेतली तर वर चढायचं कसं?”

मी १९९१ साली बी.ए. झालो आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासू लागलो. तिथं खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. पुढं संगणक आला. दोघांना मालकाने पगार चालू ठेवून डीटीपी शिकायला पाठवलं. ते निवृत्त होईपर्यंत टिकले. तिसऱ्याने चहाची गाडी लावली. तो काही त्या दोघांहून कमी हुशार नव्हता. त्याला शिकायला सवड मिळाली नाही, एवढंच.

कायदा हळूहळू जागा होतो आहे. ॲपवरच्या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा राजस्थानने २०२३ साली केला. केंद्राची २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. या कामगारांच्या निधीत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम भरावी, अशी तरतूद तीत आहे. चांगली गोष्ट आहे. आजारपणात, अपघातात हा पैसा कामी येईल. पण आयडी बंद झाल्याच्या दिवशी ऐकून घेणारा माणूसच लागतो.

तंत्रज्ञान नको, असं मला एकाही तरुणाने सांगितलेलं नाही. त्यांचं मागणं साधं आहे. काम काढून घ्याल तर आधी कारण सांगा. विचारायला माणूस ठेवा. नवं यंत्र आणाल तर शिकायला वेळ द्या, आणि त्या वेळात घरची चूल पेटती राहू द्या. यात जगावेगळं काय आहे? आमच्या छापखान्याच्या मालकाला, निदान दोघांपुरतं, हे जमलं होतं.

आपल्या हातात कंपन्या नाहीत, पण घर आहे. मुलगा रात्री उशिरा परतला की “आधी तो मोबाइल ठेव” म्हणण्याआधी त्याचं ताट वाढा आणि “आज काम कसं झालं?” एवढं विचारा. दिवसभरात हा प्रश्न त्याला माणसाने विचारलेला नसतो.