खेकड्याचं कवच आणि बोअरचं पाणी

गेल्या बैठकीत एका गटातल्या ताईंनी विचारलं, "खेकड्याच्या कवचापासून केलेली पावडर पाण्यातलं फ्लोराईड काढते म्हणे. खेकडे तर पावसाळ्यात आपल्या भाताच्या बांधावर मिळतात. मग गटाने हा धंदा का करू नये?" प्रश्न चांगला आहे, म्हणून आज त्यावरच बोलते.

आधी फ्लोराईड म्हणजे काय ते बघू. ते खडकातून पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पांढरे, तपकिरी पट्टे येतात. पुढे मोठ्यांचे सांधे आखडतात, पाठ वाकते, आणि ती पुन्हा सरळ होत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांनी हे भोगलंय. चंदगडला पाऊस भरपूर, विहिरी-झऱ्यांची आपल्याला सवय. पण बोअर आता खोल चालल्यात, तेव्हा तपासल्याशिवाय "आपलं पाणी चांगलंच" म्हणायचं नाही. आणि उकळून फ्लोराईड जात नाही बरं का. पाणी आटतं, ते मागेच राहतं.

आता कवचाची गोष्ट. खेकड्याच्या, कोळंबीच्या कवचात कायटिन असतं. त्यापासून कायटोसन करतात. हे निसर्गातलं पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळीसारखा पदार्थ. नागपूरच्या नीरी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2007 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात नुसत्या कायटिन-कायटोसनपेक्षा लॅन्थनम नावाचा धातू बसवलेल्या कायटोसनने फ्लोराईड कितीतरी चांगलं धरलं. म्हणजे साखळी ही जणू दावण, फ्लोराईडला बांधून ठेवणारा खुंटा धातूचा. पण पाण्यात बायकार्बोनेटचे क्षार जास्त असले की तेच जागा अडवतात आणि काम कमी होतं, हेही त्यांना दिसलं. बोअरच्या पाण्यात हे क्षार असतातच.

म्हणून कवचं वाळवून, कुटून पाण्यात टाकली की झालं, असं नाही. कायटोसन करायला आधी आम्ल लागतं, मग कडक कॉस्टिक सोडा, तोही तापवून. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चुलीजवळ, पोरांच्या वावरात हे काम करायचं नाही. गटाचा धंदा म्हणून मी तरी याला हो म्हणणार नाही.

तुरटीचंही तसंच. नीरीचीच नालगोंडा पद्धत आहे. तीत तुरटी आणि चुना वापरतात. पण किती घालायचं ते पाणी तपासून ठरतं. अंदाजाने मूठभर टाकली तर फ्लोराईड तर राहीलच, वर ॲल्युमिनियम पाण्यात उतरेल.

मध्यंतरी एक विक्रेता आमच्या गटाला "नैसर्गिक" फिल्टर हप्त्यावर देत होता. मी विचारलं, आमच्या गावच्या पाण्यावर तपासलाय का? किती लिटरनंतर आतला माल संपतो? संपल्यावर तो टाकायचा कुठे? बाईसाहेब, नैसर्गिक आहे, एवढंच उत्तर. असा माल भरला की पाणी पहिल्यासारखंच दिसतं, चवही तीच. फ्लोराईड मात्र आरपार जातं. आपल्या बचतीचे पैसे त्यात घालायचे? आम्ही नाही घेतला.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, किट कुठे पडलंय, ग्रामपंचायतीत विचारा. किटमध्ये फ्लोराईड जास्त दिसलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा, आणि निकाल येईस्तोवर पिण्याला, स्वयंपाकाला दुसऱ्या तपासलेल्या विहिरीचं पाणी आणा. नमुना प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यायचा, काचेच्या नको, कारण फ्लोराईड काचेला लागतं. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, आणि वर बोअर कुणाची, कुठली, तारीख काय, ते लिहायला विसरू नका.