चोर खोलीतच असेल तर

संगणकांची सुरक्षितता म्हटली की दूरदेशी बसलेला हॅकर डोळ्यांपुढे येतो. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो सर्व्हरच्या खोलीतच उभा आहे, कीबोर्डवर हात ठेवून.

आज एकाच दणकट सर्व्हरवर ‘हायपरवायझर’ बसवून त्याच्या पोटात दहा-वीस आभासी संगणक चालवतात. चाळीतल्या एका खोलीत चोरी झाली तर एका बिऱ्हाडाचे नुकसान. इथे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगाच हाती लागतो.

यंत्र सुरू होतानाचे पहिले काही क्षण सर्वांत नाजूक. लिनक्सवर आधारलेल्या अनेक हायपरवायझरांत त्या वेळी ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम पडद्यावर यादी दाखवतो. त्याला पासवर्ड नसेल तर ‘ई’ हे अक्षर दाबून सुरुवातीची आज्ञा बदलता येते. दोन-चार शब्द वाढवले की लॉगिन न करताच सर्वाधिकार! यात गुपित काही नाही. पासवर्ड विसरलेले प्रशासकही हीच युक्ती वापरतात.

बरे, ग्रबला पासवर्ड लावला, तर चोर पेन-ड्राइव्हवरून यंत्र सुरू करील. बायोसला लावला, तर कित्येक मदरबोर्डांवर एक जंपर हलवून तो पुसता येतो. आणि डिस्कच काढून नेली तर? म्हणून माझ्या मते डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करणे हाच पाया. बाकीचे त्यानंतर.

पण रात्री दोनला वीज जाऊन आली, तर किल्लीचा शब्द टाइप करायचा कोणी? त्यासाठी ‘टीपीएम’ ही चिप असते. सुरू होणाऱ्या प्रत्येक टप्प्याचे माप जुळले तरच ती किल्ली सोडते. त्या मापात ग्रबची आज्ञाही धरायला हवी, हे पुष्कळजण विसरतात. जोडीला ‘सिक्युअर बूट’ प्रत्येक टप्प्याची सही तपासते. तीही अभेद्य नाही. २०२० साली ‘बूटहोल’ हा दोष उघड झाला. ग्रबची सेटिंगची फाईल सहीविना वाचली जाते, तिच्यातूनच ही तपासणी चुकवता येत होती.

शिवाय अख्खा सर्व्हरच उचलून नेला, तर चिपही सोबत जाते आणि मुकाट्याने किल्ली देते. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी तर स्प्रेचा डबा उलटा धरून मेमरी गोठवली आणि वीज तोडल्यावरही तिच्यातून किल्ल्या वाचून दाखवल्या! जिथे चोवीस तास माणूस असतो, तिथे मी चिपला पिनची जोड देईन. जिथे नसतो, तिथे आधी कपाटाचे कुलूप पाहीन.