गेमबॉयचं मॅन्युअल कुणी लिहिलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. गेम बनवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू? युनिटी घेऊ की गोडो?

माझं उत्तर ऐकून हसाल. गेमबॉय घ्या. हो, तोच, 1989 सालचा, करड्या विटेसारखा दिसणारा.

आपल्याकडे तो फार घरांत नव्हता, हे मला माहितीये. आपण पाहिला तो टीव्हीला जोडायचा डबा, '9999 इन 1' कार्ट्रिजवाला. तो निंटेंडोच्याच दुसऱ्या एका मशीनची नक्कल होता. पण शिकायला गेमबॉय जास्त सोपा, कारण तो लहान आहे. रॅम 8 किलोबाइट. चित्रांसाठी वेगळी 8 किलोबाइट. स्क्रीन 160 बाय 144 ठिपक्यांची, छटा फक्त चार. काकांकडून रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा यात मावणार नाही. आणि म्हणूनच हे आख्खं मशीन एका माणसाच्या डोक्यात मावतं. मी ऑफिसात ज्या सिस्टिमवर काम करतो, ती पूर्ण समजलेला माणूस आमच्या मजल्यावर एकही नाही.

टूल्सचं पटकन सांगून टाकतो. कोड लिहायचाच नसेल तर जीबी स्टुडिओ. सी येत असेल तर जीबीडीके-2020. असेंब्लीत उतरायचं असेल तर आरजीबीडीएस. चालवून बघायला सेमबॉय किंवा बीजीबी हे इम्युलेटर. सगळं फुकट, आणि कॉलेजातल्या जुनाट लॅपटॉपवरही आरामात चालतं. माझं मत विचाराल तर थेट असेंब्ली करा. पहिले दोन आठवडे डोकं उठेल, मग मजा यायला लागेल.

पण आज बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. गेमबॉयसाठी गेम कसा लिहायचा याचं निंटेंडोचं मॅन्युअल होतं, पण ते परवाना घेतलेल्या कंपन्यांसाठी. तुमच्या-माझ्यासाठी नाही. आपण सगळे वापरतो ते 'पॅन डॉक्स'. 1995 च्या सुरुवातीला पॅन नावानं लिहिणाऱ्या एका माणसानं ती फाइल सुरू केली. तेव्हापासून लोक त्यात भर घालतायत, दुरुस्त्या करतायत.

माझा मावसभाऊ इचलकरंजीला डिप्लोमा करतो. त्याला हे दाखवत होतो, तर त्यानं विचारलं, "दादा, हे कंपनीनं लिहिलंय का?" म्हटलं, नाही रे. "मग हे खरं कशावरून?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. एक उदाहरण सांगतो.

गेमबॉय चालू केला की वरून लोगो घरंगळत येतो आणि 'टिंग' वाजतं. हे करणारा प्रोग्राम मशीनच्या आतच असतो, फक्त 256 बाइटचा. काम झालं की तो स्वतःला बंद करून घेतो. मग तुमचा गेम सुरू होतो आणि त्या गेमला तो प्रोग्राम दिसतच नाही. म्हणजे आत काय लिहिलंय ते वाचायचं कसं? अनेक वर्षं कुणालाच जमलं नाही. 2003 मध्ये नेविक्स्टी या टोपणनावाच्या माणसानं चिप उघडली, मायक्रोस्कोपखाली धरली आणि एकेक बिट डोळ्यांनी वाचला. 256 गुणिले 8, म्हणजे 2048 बिट. शून्य की एक, शून्य की एक. आज पॅन डॉक्समध्ये बूट रॉमबद्दल जे आपण दोन मिनिटांत वाचतो, त्याच्या मागे हे आहे.

त्यातूनच पक्कं कळलं की तो प्रोग्राम कार्ट्रिजमधले लोगोचे 48 बाइट स्वतःकडच्या प्रतीशी ताडून बघतो. जुळले नाहीत तर मशीन तिथंच अडकतं. म्हणजे तुमच्या घरगुती गेममध्येही निंटेंडोचा लोगो घालावाच लागतो! आरजीबीडीएसमधलं आरजीबीफिक्स हे काम एका कमांडमध्ये करतं. हे कायद्यात बसतं का, असं विचाराल. सेगाच्या मशीनवरून असाच वाद अमेरिकेच्या कोर्टात गेला होता. 1992 मध्ये अपील कोर्टानं अॅकोलेड कंपनीची बाजू घेतली. मी वकील नाही, त्यामुळे एवढंच.

आता उलट बाजू. चुकीची माहितीही तितकीच टिकते. जुन्या कित्येक लेखांत गेमबॉयचा प्रोसेसर 'झेड-80' आहे असं सरळ लिहिलेलं असतं. तो त्याचा नातेवाईक आहे, पण झेड-80 नाही. आयएक्स, आयवाय ही रजिस्टर्स त्यात नाहीत, इन-आउट या सूचना नाहीत. उलट झेड-80 मध्ये नसलेली 'स्वॅप' यात आहे. तुम्ही चॅटबॉटला गेमबॉयचा कोड मागितलात तर हा घोळ बघायला मिळेल. मला मिळालाय. कोड दिसायला झकास, असेंबलर मात्र पहिल्याच ओळीला हात वर करतो.

याहून वाईट म्हणजे चुकीचा इम्युलेटर. खऱ्या मशीनमध्ये स्क्रीनची ओळ रंगवली जात असताना चित्रांच्या मेमरीत लिहिता येत नाही. तुम्ही लिहिलेलं गुपचूप हरवतं, एरर वगैरे काही येत नाही. लिहायची हक्काची वेळ म्हणजे 144 ओळी रंगवून झाल्यावरची विश्रांती, साधारण 1.1 मिलिसेकंदांची. जुने इम्युलेटर हे पाळतच नव्हते. त्यामुळे त्या काळात लोकांनी हौसेनं लिहिलेले काही गेम कॉम्प्युटरवर मस्त चालतात आणि खऱ्या गेमबॉयवर स्क्रीनभर कचरा दाखवतात.

भावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. ते म्हणजे टेस्ट रॉम. एकच गोष्ट तपासणारा छोटासा प्रोग्राम. तो आधी खऱ्या मशीनवर चालवायचा, मग इम्युलेटरवर. निकाल वेगळा आला तर इम्युलेटर चूक. ब्लार्गचे आहेत, मूनआयचे आहेत. मूनआयमध्ये तर कुठली टेस्ट कुठल्या मॉडेलवर पास होते तेही नोंदवलेलं असतं. माझ्या मते हे सगळ्यात चांगलं डॉक्युमेंटेशन आहे. पटत नसेल तर स्वतः चालवून बघा, विषय संपला. आमच्या ऑफिसच्या विकीवर असं एक पान तरी सापडलं तर मी पेढे वाटीन.

एक इशारा मात्र देतो. 2020 मध्ये निंटेंडोच्या आतल्या बऱ्याच फायली फुटून इंटरनेटवर आल्या. 'त्यात सगळी उत्तरं आहेत की' असं म्हणणारे भेटतील. त्या फायलींना मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. 25-30 वर्षं लोकांनी मोजून, तपासून जे उभं केलं, ते कुणाचं चोरलेलं नाही म्हणूनच उघडपणे वाचता येतं. त्यात चोरीच्या कागदावरचा एक परिच्छेद घुसला तर सगळ्याच कामावर संशय येईल.

शेवटचं, भावासाठी मी मराठीत टिपणं काढायला घेतलीत. त्याला इंग्रजी वाचता येतं, पण वाक्यागणिक अडखळतो आणि कंटाळतो. रजिस्टरला मराठी शब्द शोधत मी तासभर बसलो होतो. तो म्हणाला, "दादा, रजिस्टरच लिही ना." लिहिलं. तीन धडे झालेत. चौथ्यात स्प्राइट हलवायचेत आणि तिथं गाडी अडलीये. स्प्राइटची यादी मशीन एका झटक्यात उचलून नेतं तेव्हा प्रोसेसरनं 127 बाइटच्या एका कोपऱ्यात थांबून वाट बघायची, हे चित्राशिवाय समजावता येत नाहीये. चित्र काढायला कुणाचा हात चांगला असेल तर मेसेज करा. भेटू पुढच्या भागात.